डोकी बसवून मिळतील

"बाई, आजचा ड्रॉइंगचा तास मला द्या ना, माझं बीजगणित मागं पडलंय."

शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसानं हे वाक्य ऐकलं नसेल तर त्यानं नोकरीच केली नाही असं खुशाल समजावं. माझा तास बीजगणिताला हवा असे, कवायतीला हवा असे, देवीची लस टोचायलाही हवा असे. तो मलाही हवा असेल, असं मात्र कुणाच्या मनात येत नसे. झेंडावंदन आलं, तपासणीचे साहेब आले, हेडमास्तरांच्या भाचीचं लग्न निघालं, की लगेच "ड्रॉइंगच्या बाईंना बोलवा!" 'सुस्वागतम्' हा शब्द मी आयुष्यात इतक्यांदा रंगवलाय, की आता दारात पाहुणा आला तर तोंडानं "या" एवढंच निघतं.

हल्ली मी वर्ध्याजवळ सिंदी मेघ्यात राहते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. संपादकांनी "नोकरीतलं काहीतरी लिहा" म्हटलं तेव्हा मला शाळेच्या आधी बैलजोड्या आठवल्या. त्यांचंच सांगते. पण आधी थोडं आमच्या धंद्याचं सांगावं लागेल, नाहीतर आमचं बिघडलं काय होतं ते कळायचं नाही.

शाळा आंजीच्या पलीकडच्या एका गावात होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले काही गडी अजून आहेत आणि रागीट आहेत. सत्तरचं दशक संपत आलेलं. मी वर्ध्याहून एसटीनं जायची. नागपूरला डिप्लोमा करून आलेली, अंगात नुसती रग. पहिल्याच दिवशी सातवीला म्हटलं, निसर्गचित्र काढा. अख्ख्या वर्गानं दोन डोंगर काढले, मधे अर्धा सूर्य, खाली नदी आणि कडेला नारळाचं झाड. मी एकाला उभं केलं.

"नारळाचं झाड पाहिलं का रे कधी?"

"नाई बाई."

"डोंगरातून सूर्य निघताना?"

"नाई."

"मग काढलं कायले?"

"निसर्ग तसाच असते ना बाई!"

मी सगळे कागद परत केले आणि सांगितलं, उद्या येताना वावरातून एकेक पऱ्हाटी उपटून आणा. कापसाच्या झाडाला आम्ही पऱ्हाटी म्हणतो. दुसऱ्या दिवशी अर्धी सातवी बापाचा मार खाऊन आली. बोंडं धरलेली झाडं उपटली होती गाढवांनी! कप्पाळ माझं. फांदी आणा म्हणायला हवं होतं.

पण त्या पऱ्हाट्यांतच मला पुष्पा सापडली. अंगानं बारीक, दोन घट्ट वेण्या, बोलायला चोर. तिनं पान काढलं ते भोकासकट.

"भोक कायले काढलं वं?"

"होतं बाई. अळीनं खाल्लं."

मी तो कागद घेऊन नाचत स्टाफरूममध्ये गेले. बीजगणिताच्या सरांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हो, पान किडलेलं आहे." माणूस म्हणजे नुसता शंख!

कॅमेरा आला तो माझ्या भावाकडून. त्यानं नवा घेतला आणि जुना डबा कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. एका रोलवर बारा फोटो यायचे. वर्ध्यातल्या एका स्टुडिओवाल्यांकडे फोटो मोठे करायचं जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं, ते मी मागून आणलं. खेळाच्या सामानाची खोली हेडमास्तरांशी भांडून घेतली. खिडकीवर काळी चादर ठोकली, लाल बल्ब लावला आणि झाली आमची डार्करूम. आत शिरलं की एकीकडं लेझीम पायात यायचे आणि दुसरीकडं फुटबॉल डोक्यावर पडायचा.

ज्यांनी फोटो फक्त मोबाइलवर काढलेत त्यांच्यासाठी सांगते. रोल अंधारात आधी डेव्हलपर नावाच्या औषधात धुवायचा, म्हणजे चित्र उमटतं. मग हायपोत टाकायचा, म्हणजे ते पक्कं होतं. मग भरपूर पाण्यात खळखळून काढायचा. यात डेव्हलपर थंड लागतो, आणि वर्ध्याचा उन्हाळा ज्यानं काढलाय त्याला पुढचं सांगायला नको. एप्रिलात औषध असं तापायचं की रोलवरचा थर दुधावरची साय निघावी तसा हातात यायचा. उपाय पोट्ट्यांनीच काढला. शाळेपुढं बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी राहायची. विलास नावाचा आमचा एक उपद्व्यापी विद्यार्थी ताटली घेऊन तिकडं पळायचा, आणि त्या बर्फात आम्ही औषधाचं भांडं बसवायचो.

गोळेवाला विचारायचा, "रंग कोन्ता टाकू? लाल का हिरवा?"

"रंग नोको. फोटूले पाह्यजे."

ड्रॉइंगच्या बाई फोटोला बर्फ चारतात, असं त्यानं गावभर केलं होतं.

पहिली निगेटिव्ह उजेडात धरली तेव्हा पुष्पा किंचाळलीच. "माय वो! बाई, माह्ये केस पांढरे, अन् दात काळे! मी तं आजीच झाली!" आणि मग औषधाच्या ताटात कोरा कागद सोडायचा, तो हलकेच हलवायचा, आणि सगळ्यांनी श्वास धरून बघायचं. आधी एक डाग, मग डागाची भुवई, मग अख्खा चेहरा. विलास दर वेळी "आला, आला!" म्हणून असा ओरडायचा, जशी काही एसटीच आली. मला आयुष्यात बरीच सुखं मिळाली. पण त्या कोंदट खोलीत घामानं निथळत, पोरांची डोकी ताटावर वाकलेली बघताना जो आनंद व्हायचा, तो दुसरीकडं कुठं झाला नाही.

आता मुद्द्याचं. सरकारची ड्रॉइंगची एक परीक्षा असते, एलिमेंटरी. वस्तुचित्र, निसर्गचित्र, नक्षीकाम आणि स्मरणचित्र. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता आठवून काढायचं. पुष्पा नववीत गेली तेव्हा मी ठरवलं की ही बसणार. केंद्र वर्ध्याला, परीक्षा दोन दिवस. सकाळची एसटी वेळेवर येईल याची खुद्द ड्रायव्हरला खात्री नसे, म्हणून मुलं माझ्याच घरी मुक्कामाला यायची. पण तोवर सगळे मुलगेच. मुलगी कुणीच पाठवलेली नव्हती. बापाची सही लागायची, म्हणून मी पुष्पाच्या घरी गेले.

तिचे वडील शेषराव गोठ्यात बैलाची मान खाजवत उभे होते. जोडी पांढरीशुभ्र, हौश्या आणि बादल. अख्ख्या गावात तशी जोडी नव्हती आणि ते शेषरावांना पक्कं ठाऊक होतं.

"शेषरावभाऊ, पुष्पीला दोन दिवस माझ्याकडं पाठवा. परीक्षा आहे."

"नाई."

"काऊन?"

"चित्र काढून पोट भरते काय बाई? अन् या गावची एक तरी पोट्टी अशी वर्ध्याले मुक्कामाले गेली काय? सुरवात माह्या घरून नोको."

"माझ्या घरी राहील. माझी सासू आहे घरात, अगदी दारोगा आहे."

"तुमी चांगल्याच हा. तुमच्याबद्दल काई म्हनत नाई मी. पन नाई म्हनजे नाई."

एवढं बोलताना माणसानं एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. सगळा वेळ लक्ष हौश्याच्या मानेवर. आत एक गंज, म्हणजे पातेलं, जोरात आदळल्याचा आवाज आला. तेवढंच पुष्पाचं मत. पोळा झाला की नावं पाठवायची होती. मी दोनदा आणखी गेले, दोनदा चहा पिऊन हात हलवत परत आले.

पोळ्याची कल्पना हेडमास्तरांची. "बाई, त्या खोलीत तुम्ही काय करता ते गावाला कधी दिसणार? पोळ्याला निवडक बारा जोड्यांचे फोटो काढा, शाळेत लावू." मला ते पटलं. गावाला तर इतकं पटलं की बारा जोड्या निवडताना दोन भांडणं झाली. शेषराव आपण होऊन शाळेत आले. टोपी हातात घेऊन दारातच उभे राहिले.

"हौश्याचा हा शेवटचा पोळा हाय बाई. पुष्पी रांगत होती तवा गोऱ्हा म्हनून आनला होता त्याले. आता दम राह्यला नाई त्याच्यात. आमचा दोघाचा एक फोटू काढून द्या. मी अन् हौश्या."

एवढा आडदांड माणूस, पण बोलताना टोपीच्या घड्या घालत होता.

त्या गावात पोळ्याच्या मैदानात बायका जात नसत. बैल घरी आले की दारात पाय धुवायचे, पूजा करायची, एवढं बायकांचं काम. म्हणजे मीही नाही आणि पुष्पाही नाही, आणि कॅमेरा सगळ्यांत चांगला चालवायची ती पुष्पा! शेवटी कॅमेरा विलासच्या हाती दिला. ऊन पाठीशी घे, हात हलवू नको, रोल पुढं सरकवायला विसरू नको, असं दहादा घोकून घेतलं.

मी आणि मुली शाळेच्या व्हरांड्यात बसून राहिलो. मैदानातून ढोल ऐकू येत होते, मधेच झडत्या. झडती म्हणजे बैल उभे करतात त्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली एकमेकांना चिमटे काढत म्हणायची तुकबंदी. एवढ्यात कुणीतरी खणखणीत आवाजात सुरू केलं,

"ड्रॉइंगची बाई, तिचा काळा डबा,
पोट्टं म्हने बैलोबा, हासून उभा ऱ्हा बाबा!
हर बोला हर हर महादेव!"

मुली हसून हसून लोळल्या. मी रागावल्याचं सोंग केलं, पण मनातून अशी फुलले होते म्हणता! दुसऱ्याच्या गावात झडतीत नाव येणं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती, आणि आमची मोठी पोरं धाकट्या भावांना वाऱ्यावर सोडून डार्करूममध्ये हजर. पहिला कागद ताटात सोडला. बैलाचं शिंग आलं. झूल आली, झुलीवरचे आरसे आले, रंगवलेले खूर आले, शेपटीचा गोंडा आला. असा सुंदर, असा रेखीव बैल, की मीच ओरडले "आला!"

मग पुष्पा हळूच म्हणाली, "बाई, या मान्साले मुंडकं नाई."

पाहते तो खरंच. कासरा धरलेला हात होता, सदरा होता, मान होती, आणि तिथं फोटो संपला होता. दुसरा काढला, तेच. तिसरा, चौथा, तेच! कुणी हनुवटीपर्यंत, कुणी गळ्यापर्यंत. एकाची तेवढी अर्धी मिशी आली होती. बाराच्या बारा जोड्या शिंगापासून खुरापर्यंत फर्स्ट क्लास, आणि बाराच्या बारा धन्यांची डोकी गायब.

"विलास! मेल्या, हे काय करून ठेवलंस?"

विलासला काही चुकलंय हेच पटेना. "खुरं याले पाह्यजे होते ना बाई, एवढे रंगवले होते त्याईनं. मंग डबा खाली घेतला."

"आणि माणसाचं डोकं?"

"पोळा बैलाचा असते बाई. मान्साचा थोडीच असते!"

शेतकऱ्याचं पोरगं, पोळ्याचा दिवस. त्याच्या दृष्टीनं बघण्यासारखं जे होतं ते सगळं त्यानं घेतलं होतं.

हेडमास्तरांनी दवंडी आधीच दिली होती, त्यामुळं फोटो लावावेच लागले. गाव लोटलं. लोक स्वतःला धोतराच्या काठावरून नि सदऱ्याच्या ठिगळावरून ओळखायला लागले. "हे धोतर माह्यं हाय!" "नाई बे, तुह्या बैलाची झूल पाह्य ना!" अर्ध्या मिशीवाले तर "बाईनं माह्यी इज्जत राखली" म्हणत हिंडत होते. हसण्यानं छप्पर उडायची वेळ आली. शेषराव मात्र हसले नाहीत. त्यांनी आपला फोटो भिंतीवरून काढला, बराच वेळ पाहिला आणि टेबलावर ठेवला.

"बिनमुंडक्याचा मानूस घरात लावू काय बाई? अन् हौश्या काय आता पुन्हा उभा राहीन तोरनाखाली?"

गेले निघून. पुष्पा भिंतीला चिकटून उभी होती. तिचं तोंड मला बघवेना. संध्याकाळी हेडमास्तरांनी कॅमेरा कपाटात टाकला, किल्ली खिशात टाकली आणि म्हणाले, "पुरे झाले प्रयोग." मी एसटीत खिडकीकडं तोंड करून वर्ध्यापर्यंत रडले. परीक्षा गेली, डार्करूम गेली, आणि त्या माणसाचा एकुलता एक फोटो आम्ही वाया घालवला होता.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत पुष्पा आली. हातात गुंडाळलेला ड्रॉइंगचा कागद. टेबलावर पसरला आणि मागं सरून उभी राहिली.

तिनं तो फोटो मोठ्या कागदाच्या खालच्या बाजूला चिकटवला होता, आणि जिथं फोटो संपत होता तिथून पेन्सिलनं चित्र पुढं नेलं होतं. फोटोतल्या मानेवर पेन्सिलची मान, त्यावर शेषरावांचं डोकं, तिरकी टोपी, कानावरचे केस, वर आंब्याच्या पानांचं तोरण. जोड कुठं आहे ते बोट लावून शोधावं लागत होतं. आणि डोकं समोर बघत नव्हतं. ते बाजूला वळून हौश्याकडं बघत होतं. ओठाच्या कोपऱ्यात हसू, डोळ्यात काय होतं ते मला अजून शब्दात सांगता येत नाही.

"समोर बघताना का नाही काढलं गं?"

"खांदा पाह्यला बाई. बाबाचा खांदा बैलाकडं वळला होता. मंग मुंडकं समोर कसं राहीन?"

मान कुठं वळणार हे खांदा सांगतो, हे मी वर्गात शंभरदा फळ्यावर काढून दाखवलं असेल. पण ते आपल्या बापाच्या खांद्यावर वाचणं, हे मी शिकवलेलं नव्हतं. मी तिला जवळ घेतलं आणि त्याच पावली तिच्या घरी निघाले. ती येईना. तिला ओढतच नेलं.

शेषरावांनी कागद दोन्ही हातांनी धरला. दारातल्या उजेडात नेला.

"हे कोनं काढलं?"

"पुष्पानं."

"मी तं समोर बसलो नाई तिच्या."

"आठवून काढलं."

त्यांनी बायकोला हाक मारली. ती माउली पदराला हात पुसत आली, बघितलं आणि फटकन म्हणाली, "असेच पाह्यता तुमी त्याच्याकडं. माह्याकडं कवा पाह्यलं असं?" शेषराव आधी ओशाळले, मग एवढ्या जोरानं हसले की गोठ्यातले बैल दचकले. सहीचं मात्र ते काही बोलले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकात उरलेले अकरा धनी उभे. अर्ध्या मिशीवाले पुढं झाले.

"बाई, डोकं बसवाले आलो."

"कुणाचं?"

"आमचंच ना जी! शेषरावच्या घरी पाह्यलं. त्याले बसवून देल्लं, मंग आमी काय पाप केलं?"

मग रविवारी व्हरांड्यात जी मजा झाली! विलासनं खडूनं भिंतीवर लिहून टाकलं, 'डोकी बसवून मिळतील'. एकेक धनी ताठ बसलेला, समोर दोन-दोन पोरं कागद घेऊन, आणि पुष्पा फिरून सगळ्यांना खांदा बघायला सांगत होती. "काका, हालू नोका." "अवो, माशी बसली नाकावर!" "बसू द्या, माशीसकट काढतो." एकानं टक्कल आहे तसं काढायचं नाही म्हणून हट्ट धरला, त्याला मग पोरांनी फेटा बांधला. बायका पहिल्यांदाच शाळेत आल्या आणि आपापल्या नवऱ्याचं नाक बरोबर झालंय की नाही ते सांगत बसल्या. हेडमास्तर दुपारी आले, कपाटाची किल्ली निमूटपणे माझ्यापुढं ठेवली आणि रिकाम्या स्टुलावर जाऊन बसले. "माझंही एक काढा." त्यांच्याजवळ बैल नव्हता, पण त्यांना नाही कोण म्हणणार?

एक खंत आहे. शाळेत पाण्याची ओढ होती, त्यामुळं आमचे फोटो नीट धुतले जात नसत. हायपो राहून जायचा, आणि काही वर्षांत सगळे पिवळे पडले. परवा त्यातला एक पाहिला. बैल फिकट झालाय, पेन्सिलचं डोकं अजून तसंच आहे.

शेषराव त्या रविवारी सकाळपासून खांबाला टेकून बसले होते. लोक त्यांना सारखे सांगत होते, "पोट्टी हुशार हाय तुमची." ते नुसते हूं म्हणत होते. ऊन उतरलं, माणसं पांगली, तेव्हा उठून माझ्याजवळ आले.

"कुठी सही कराची?"

मी दाखवलं. सही करून म्हणाले, "पन मी येईन संगं."

आले. धुतलेलं धोतर, नवी टोपी. रात्री माझ्या सासूबाईंशी पिकापाण्याच्या गप्पा आणि दिवसभर परीक्षा केंद्रासमोरच्या कडुलिंबाखाली बैठक. बैल शेजाऱ्याच्या हवाली करून आले होते, त्यामुळं जीव अर्धा तिकडं. तरी जागचे हलले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोरगी आत हाय माह्यी. चित्राची परीक्षा देऊन राह्यली."

दुसऱ्या दिवशी शेवटचा पेपर सुटला. पुष्पा बाहेर आली ती कोपरापर्यंत रंगानं माखलेली, आणि ओळख नसतानाही दुसऱ्या शाळेच्या मुलींशी भडाभडा बोलत. ही बोलायला चोर असलेली पोरगी! शेषराव तिच्याकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळले.

"याच्या पुढं काय असते बाई?"

"इंटरमिजिएट. ती पण वर्ध्यालाच."

"अन् त्याच्या पुढं?"

मी जरा चाचरले. एवढं जमून आलेलं, आता कशाला विस्कटा? पण खोटं तरी कसं बोलू?

"दहावी झाली की चित्रकलेचं कॉलेज. तिथं राहून शिकावं लागतं, चार-पाच वर्षं. नागपूरला."

शेषरावांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. लेक अजून बोलतच होती. तिच्यावरची नजर न काढता ते म्हणाले,

"नागपूर तं जवळच हाय."